व्हिटॅमिनची टेस्ट करायचीये? आधी नेमकी कुठली ते ठरवा

थकवा जात नाही, केस गळतायत, पायाला मुंग्या येतायत, मग कुणीतरी म्हणतं फुल बॉडी करून टाक ना एकदाच, आणि आपण भलंमोठं पॅकेज बुक करून मोकळे होतो. जरा थांबा. रिपोर्टवरची नॉर्मल रेंज बहुतेक वेळा अशी काढलेली असते की १०० धडधाकट माणसांतले ९५ जण तिच्यात बसतात, म्हणजे उरलेले ५ जण काही झालेलं नसतानाही रेंजबाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जायची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास जाते, मग त्या एका आकड्यापायी पुढच्या टेस्ट आणि फुकटचं टेन्शन. त्यामुळे आधी त्रास काय आहे, गोळ्या कुठल्या चालू आहेत ते एका कागदावर लिहा, डॉक्टरांना दाखवा आणि मग टेस्ट ठरवा.

सुरुवात बहुतेकांनी साध्या सीबीसीपासून करावी. त्यात हिमोग्लोबिन सगळे बघतात पण खाली एमसीव्ही म्हणून एक ओळ असते, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, ती कुणी बघत नाही. ८० च्या खाली असेल तर आधी लोहाची शंका घ्यायची, १०० च्या वर असेल तर बी१२ किंवा फोलेटची, म्हणजे बी गटातल्याच दुसऱ्या व्हिटॅमिनची (दारू, थायरॉइड, काही औषधं यांनीही वाढतो, ते वेगळं). आणि गंमत म्हणजे लोह आणि बी१२ दोन्ही कमी असेल तर एक आकार कमी करतं, दुसरं वाढवतं आणि एमसीव्ही छान नॉर्मल दिसतो. म्हणून सीबीसी चांगली आली की विषय संपला असं नाही.

थकवा आणि केस गळणं यासाठी लोक व्हिटॅमिनच्या मागे लागतात आणि फेरिटिन राहूनच जातं. ते व्हिटॅमिन नाही, शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देतं, पण पाळी जास्त जात असेल तर माझ्या मते यादीत पहिलं नाव त्याचंच. फक्त ताप, इन्फेक्शन, कुठलीही सूज असताना फेरिटिन उगाच वर जातं, तेव्हा नॉर्मल आलं तरी खात्री नाही, बरं झाल्यावर करा नाहीतर सोबत सीआरपी, म्हणजे शरीरात सूज आहे का ते सांगणारी टेस्ट, करा.

डी साठी टेस्टचं नाव नीट वाचा, इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आपल्याला हवी ती २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. यादीत तिच्या शेजारीच १,२५-डायहायड्रॉक्सी नावाची दुसरी असते, ऐकायला भारी वाटते, पण साठा बघायला ती कामाची नाही. कारण डी कमी पडलं की पॅराथायरॉइड हार्मोन वाढतं आणि ते किडनीकडून हे दुसरं रूप जास्त बनवून घेतं, म्हणजे कमतरता असूनही आकडा नॉर्मल किंवा चक्क जास्त येऊ शकतो. ती टेस्ट किडनीचे आजार, कॅल्शियमच्या गडबडी अशा खास कारणांसाठी, डॉक्टरांनी सांगितलं तरच. आकडा वाचताना युनिट बघा, नॅनोग्रॅममधल्या आकड्याला २.५ ने गुणलं की नॅनोमोल येतात, म्हणजे २० आणि ५० एकच. २० नॅनोग्रॅमच्या खाली कमी यावर बऱ्यापैकी एकमत आहे, २० ते ३० च्या मधे वाद आहे. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये ३० चा आग्रह धरला होता, २०२४ मध्ये तो सोडला आणि निरोगी मोठ्या माणसांची सरसकट टेस्ट करू नका असंही सांगितलं. तेव्हा २६ आले म्हणून घाबरायचं कारण नाही.

बी१२ ची साधी टेस्ट एकूण बी१२ मोजते, पण त्यातला मोठा भाग अशा प्रोटीनला चिकटलेला असतो की बहुतेक पेशींना तो वापरताच येत नाही. म्हणून २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर बहुधा कमी, ३०० च्या वर बहुधा ठीक, आणि मधे अडकलं तर पुढची टेस्ट. पुढची म्हणजे मिथाइलमॅलॉनिक ॲसिड, एमएमए म्हणतात, बी१२ कमी असेल तर हे वाढतं, पण किडनी कमजोर असेल तरी वाढतं. होमोसिस्टीन पण चालतं, पण ते फोलेट कमी असलं तरी वर जातं आणि सॅम्पल वेळेत वेगळं केलं नाही तर नळीत पडल्या पडल्याच वाढतं, त्यामुळे मी एमएमए निवडेन. काही लॅब ॲक्टिव्ह बी१२, म्हणजे फक्त पेशींना वापरता येणारा भाग मोजणारी टेस्ट, करतात, ते मिळत असेल तर चांगलंच. मेटफॉर्मिन (डायबिटीसची गोळी) किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे, जठराचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेले, वीगन (दूध-अंडीही न खाणारे) लोक आणि वय झालेले यांनी बी१२ कडे आधी बघावं. पाय बधिर होत असतील, चालताना तोल जात असेल तर हिमोग्लोबिन उत्तम असलं तरी रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका, डॉक्टरांकडे जा.

रक्त कधी द्यायचं ते पण महत्त्वाचं. इंजेक्शन किंवा गोळ्या सुरू करायच्या आधी द्या, बी१२ चं इंजेक्शन घेऊन मग टेस्ट केली तर इंजेक्शनच मोजलं जाणार. फोलेटचंही तसंच, रक्तातलं फोलेट गेल्या काही दिवसांत काय पोटात गेलं ते दाखवतं. आणि केस-नखांच्या गोळ्या घेत असाल तर पाकिटावर बायोटिन (हेही बी गटातलं व्हिटॅमिन) किती आहे बघा, ५-१० मिलिग्रॅमवाल्या गोळ्या बऱ्याच मशिनना फसवतात, डी आणि बी१२ खोटंच जास्त दिसू शकतं, थायरॉइडचे रिपोर्टही बिघडतात. निदान दोन-तीन दिवस आधी बंद करा (डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्यांना विचारून) आणि रक्त घेणाऱ्याला सांगा. डी आणि बी१२ ला सहसा उपाशी राहावं लागत नाही, पण लॅबला विचारून घ्या.

ए, ई, के, बी१, बी६ या टेस्ट उगाच हौसेने करू नका. आतड्यांचा आजार, बॅरिअॅट्रिक सर्जरी (वजन कमी करायचं ऑपरेशन), दारूचं व्यसन असं कारण असेल तरच. के साठी तर बहुधा सरळ पीटी-आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो तेच बघतात.

डी चे उपचार सुरू केल्यावर महिन्याभरात परत टेस्ट करायला पळू नका, आकडा स्थिर व्हायला तीनेक महिने लागतात, आणि दुसऱ्यांदा त्याच लॅबमध्ये करा कारण मशीन बदललं की आकडा बदलतो. बी१२ ची इंजेक्शनं चालू असताना तर तो आकडा बघण्यात फारसा अर्थच नाही, हजाराच्या वर येतो आणि लोक घाबरतात, त्यापेक्षा हिमोग्लोबिन, एमसीव्ही आणि मुंग्या कमी झाल्या का ते बघा.