कीबोर्डला कव्हर घ्यायचंय? आधी कापडावर फुंकर मारा

गोव्यात वाजवायच्या कीबोर्डला कव्हर घेताना धुळीचा विचार दुसरा, ओलीचा पहिला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांचे आईबाप पावसाळ्याच्या तोंडावर विचारतात, "कव्हर कुठलं घेऊ?" आणि विचारायच्या आधीच बहुतेकांनी काळं चकचकीत रेक्झिनचं आणून ठेवलेलं असतं. परत करता येत असेल तर करा, असं मी सरळ सांगते.

रेक्झिनमधून हवा जात नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे खोलीत वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही गारच लागतो. तीच ओल कव्हराखाली शिरते आणि तिथेच मुक्काम करते. बरेच दिवस कीबोर्ड उघडला नाही की पट्ट्यांवर पांढुरकी बुरशी आणि कुबट वास. दुसरी भानगड अशी की रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्याच्या प्लास्टिकमध्ये तेलकट द्रव्य घातलेलं असतं. उष्म्याने ते हळूहळू बाहेर येतं आणि रबरी बटणांना, नॉबच्या टोप्यांना चिकटतं. असं चिकट झालेलं बटण कितीही पुसा, पूर्वीसारखं होत नाही.

म्हणून काही जण घरातली जुनी चादर टाकतात. हवा खेळते हे खरं, पण विरळ विणीतून बारीक धूळ खाली उतरते आणि जुन्या सुताचे तंतू सुटून पट्ट्यांच्या फटींत जातात. आपल्याकडची धूळ तर फारच बारीक. चिऱ्यांच्या भिंतीला गिलावा नसेल तर तांबडा भुगा झडतच असतो. डिचोली-साखळीकडे खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यालगत घर असेल तर विचारूच नका. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना याच्या जोडीला खारी हवा. मिठाचा कण हवेतलं पाणी ओढतो आणि जॅकच्या धातूवर बसला की गंज धरतो. आरतीला सोयीचा म्हणून कीबोर्ड देवघराजवळ ठेवला असेल तर धूप-उदबत्तीची काजळीही आलीच. ती तेलकट असते, नुसत्या ब्रशने निघत नाही.

धूळ आत गेल्यावर काय होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे कव्हराचा आळस होणार नाही. प्रत्येक पट्टीखाली रबराचा फुगवटा असतो आणि त्यात कार्बनचे दोन संपर्क. पट्टी दाबली की आधी एक टेकतो, मग दुसरा. दोघांमधल्या वेळावरून यंत्र ठरवतं की बोट हळू पडलं की जोरात. मधे धूळ अडकली की हा हिशेब चुकतो. मग मंद चाललेल्या अभंगात एखादाच सूर ठणकन वाजतो, किंवा वाजतच नाही. आवाज जुळवायच्या मिक्सरच्या फेडरमध्ये, म्हणजे सरकत्या बटणात, तीच धूळ खरखर होऊन स्पीकरमधून ऐकू येते.

आता कापड. मला सर्वांत पसंत आहे पँटपीसचं घट्ट विणीचं टेरीकॉट. दोन गोष्टी करून बघा. पहिली दुकानातच, दुकानदार हसला तर हसू दे. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. पलीकडे हाताला वारा अजिबात लागला नाही तर त्याला आतून प्लास्टिकचा लेप आहे, नको. भसकन लागला तर वीण विरळ, तेही नको. जोर लावल्यावर थोडासा लागला की ते आपलं. दुसरं, तुकडा घरी आणून त्यावर चिमूटभर टाल्कम पावडर ठेवा, खाली काळा कागद धरा आणि वरून टिचक्या मारा. कागदावर पांढरा धुरळा उतरला तर शिगम्यातला गुलालही तसाच उतरणार. रंग फिका घ्या: मळलेलं लगेच दिसतं, आणि खिडकीतलं ऊन पडलं तरी काळ्याइतकं तापत नाही.

ताणून बसणारी लायक्राची कव्हरं हल्ली बरीच दिसतात. दिसायला सुबक, धूळही बऱ्यापैकी अडवतात. पण ज्या कीबोर्डला पिचबेंडची, म्हणजे सूर वर-खाली वाकवायची, उभी दांडी आहे त्याला ती घालू नका. ताणलेलं कापड दांडीला सतत एका बाजूला रेटतं आणि स्प्रिंग त्या बाजूला ढिली पडू शकते. सपाट चाक असेल तर चालेल.

बाजारात मापाचं मिळेल या आशेवर राहू नका, शिंप्याकडून शिवून घ्या. "61 पट्ट्यांचं" म्हणून मिळणारं कव्हर सगळ्यांना बसत नाही, कारण पट्ट्या तेवढ्याच असल्या तरी खोली आणि उंची वेगळी असते. यामाहा पीएसआर-ई373 हा 61 पट्ट्यांचा कीबोर्ड 94.5 सेंटीमीटर रुंद, 36.9 खोल आणि 11.8 उंच आहे. त्याच कंपनीचा 88 पट्ट्यांचा पी-45 रुंदीला 132.6 भरतो, पण खोली फक्त 29.5. टेप स्वतः लावा. उंची घेताना सर्वांत वर आलेला नॉब धरा, नोटेशनचा स्टँड काढून ठेवा. ई373 साठी वरचा तुकडा 96 बाय 38.5 आणि चारी बाजूंची झालर 16 ते 17 सेंटीमीटर सांगा, शिलाईची माया वेगळी. कापड कापायच्या आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटेल आणि कोपरे वर चढतील.

झालर मागच्या बाजूलाही तितकीच लांब हवी. तयार कव्हरं मागून आखूड असतात, केबल जावी म्हणून. केबलसाठी मागच्या कडेला मधोमध एक चीर ठेवा, वर वेल्क्रोची पट्टी. एवढा आग्रह कशाला, तर कुंभारीण. ही माशी चिखलाचं घर करायला भोकं शोधत असते आणि हेडफोनचा जॅक तिच्या अगदी मापाचा. आत मातीची गोळी, गोळीत अळी, आणि तुम्ही पिन घालायला गेलात की ती आणखी आत ढकलली जाते. मागच्या भिंतीशी कीबोर्ड टेकवून ठेवला तर ती येते कधी, जाते कधी, कळतही नाही. न वापरलेल्या जॅकना रबरी बुचं मिळतात, तीही लावून टाका. झालरीच्या खालच्या कडेत सैल इलास्टिक ओवा. ते घट्ट असेल तर स्टँडच्या नटात अडकून फाटेल.

मिक्सरला कापडापेक्षा कडक झाकण बरं, कारण फेडरवर काही टेकताच कामा नये. डेकसेव्हर कंपनीची पॉलिकार्बोनेटची (कडक प्लास्टिकची) झाकणं ठरावीक मॉडेलांना नेमकी बसतात, पण बाहेरून येतात आणि किंमत त्या मानाने असते. नामफलक बनवणाऱ्याकडून 3 मिलिमीटर ॲक्रिलिकची पेटी करून घेतली तरी काम होतं. सर्वांत उंच नॉबच्या वर दोन सेंटीमीटर मोकळी सोडा. ॲक्रिलिक कोरड्या फडक्याने घासलं की त्यावर वीज साठते आणि धूळ उलट ओढली जाते. ओलसर मऊ कापडाने पुसा.

मॉनिटर स्पीकरवर सैल उशीचा अभ्रा पुरतो. मात्र समोर जाळी नसेल तर ट्विटरच्या (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरच्या) घुमटावर कापड घासून ओढू नका, बोटाच्या हलक्या दाबानेही तो आत बसतो. ॲम्प्लिफायर बंद करून गार झाल्याशिवाय काहीही झाकू नका. चालू असताना तर मुळीच नाही.

कंडेन्सर माइकला कव्हर चालत नाही. त्याच्या पातळ पडद्यावर ओल बसली की फटफट आवाज येतो. काम झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. केशरी दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. कीबोर्डच्या कव्हराखाली मात्र ही पुडी ठेवून उपयोग नाही. खालून उघडं असल्यावर ती सगळ्या खोलीची ओल किती दिवस पिणार?

सप्ताहाला किंवा जत्रेतल्या नाटकाला कीबोर्ड न्यायची बॅग वेगळी, तिला पाणी न शिरणारं कापडच हवं. पण घरी आल्यावर त्या बॅगेत कीबोर्ड ठेवून झोपू नका. बाहेर काढा, पुसा, पंख्याखाली तासभर राहू द्या आणि मग कव्हर घाला. आधी ब्रश फिरवा, नाहीतर कव्हर घालता-काढताना तीच धूळ पट्ट्यांवर घासली जाते. पावसात आठवड्यातून दोनदा तरी कीबोर्ड चालू करून वाजवा, आतल्या उबेने ओल जरा हटते. कव्हरं दोन शिवून ठेवा. भर पावसात धुतलेलं एक वाळेपर्यंत दुसरं अंगावर असतं, आणि अर्धवट ओलं घालायचा मोह होत नाही.