लेकीला कॅनडाला नेताना

माझं आणि लेकीच्या बापाचं लग्न झालेलं नाही. लेक ६ वर्षांची. कॅनडात नोकरी लागली तेव्हा नागपुरातला एक एजंट ठासून म्हणाला, "बापाच्या सहीशिवाय पासपोर्ट होणारच नाही." चार रात्री डोळा लागला नाही. मग सिव्हिल लाइन्समधल्या वकीलताईंनी १९५६चा हिंदू पालकत्व कायदाच उघडून दाखवला: कलम ६प्रमाणे आईवडिलांचं लग्न झालेलं नसेल, तर पहिली नैसर्गिक पालक आईच. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अविवाहित आईला पालकत्वाच्या अर्जात वडिलांचं नाव उघड करण्याची सक्ती नाही, असं म्हटलं. पासपोर्टसाठी माझं एकटीचं घोषणापत्र चाललं.

तरी मी लेकीच्या बापाचं नोटरी केलेलं संमतिपत्र घेतलंच. विमानतळावर विचारू शकतात, आणि बाप म्हणून तोही कोर्टात जाऊ शकला असता. शिवाय लेकीवर त्याचा जीव आहे. रविवारचा व्हिडिओ कॉल आणि उन्हाळ्यात नागपूरची फेरी, दोन्ही आम्ही त्याच कागदात लिहून घेतलं.