खान्देशातून नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होताना

पदव्युत्तर शिक्षण आटोपून मी जळगावला परतले, तेव्हा माझ्या चार्टमधली एक भाकरी तीस ग्रॅम पिठाची होती. पुस्तकात तशीच होती आणि मीही ती तशीच गृहीत धरली होती. पहिल्याच महिन्यात चोपडा तालुक्यातून आलेल्या एका मधुमेही मावशींना मी दोन्ही वेळच्या जेवणात दोन-दोन भाकरी लिहून दिल्या. महिन्याभराने त्या पुन्हा आल्या, तरी साखर जागची हललेली नव्हती. मी दोनच खाल्ल्या, हे मात्र त्या शपथेवर सांगत होत्या. त्या रात्री आई भाकरी थापायला बसली असताना मी तिच्या एका भाकरीचे कोरडे पीठ वजनकाट्यावर ठेवले. ते ९० ग्रॅम भरले. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठातून सुमारे ३३० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे मी जी भाकरी शंभर किलोकॅलरीची समजत होते ती तीनशेची होती. मावशी खरे बोलत होत्या. हिशोब माझा चुकला होता.

आहारतज्ज्ञ होण्याचा रस्ता पदव्या, परीक्षा आणि नोंदणी यांतून जातो, आणि त्यातल्या कोणत्याही टप्प्याला आडवाट नाही. पण जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या ज्या मुलामुलींना परत येऊन इथेच काम करायचे आहे, त्यांनी त्या रस्त्यावर चालतानाच इथल्या ताटाचे वजन शिकून घ्यावे. ते कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तयार मिळत नाही.

शिक्षणाची सुरुवात बारावीपासून होते. विज्ञान शाखा आणि तीत जीवशास्त्र व रसायनशास्त्र असणे सर्वांत सोयीचे, कारण पुढे जीवरसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र यांचा पाया तिथेच घातला जातो. त्यानंतर अन्न व पोषण, आहारशास्त्र किंवा गृहविज्ञान यांपैकी एका विषयात बी.एस्सी. करावी. बी.एस्सी.नंतर लगेच पाटी लावण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु नोंदणीकृत आहारतज्ज्ञ म्हणून ओळख हवी असल्यास पदवी पुरत नाही. पोषण किंवा आहारशास्त्रातील एम.एस्सी. अथवा आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका लागते. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात हे शिक्षण मिळते. मुंबईचे निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालयही जुने आणि नावाजलेले आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा या भागातील विद्यार्थ्यांनी मात्र मुंबई-पुण्याकडेच पाहू नये. भुसावळ-सुरत लोहमार्गाने सुरत आणि तिथून बडोदा त्यांना मुंबईपेक्षा जवळ पडते, आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील अन्न व पोषण विभाग देशातल्या जुन्या विभागांपैकी एक आहे. संशोधनाची ओढ असणाऱ्यांनी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या प्रवेशाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट नीट तपासावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून पोषण व आहारशास्त्रासह आरोग्यसेवेशी संबंधित अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली आहे. तरीही सहा आठवड्यांत किंवा सहा महिन्यांत ‘सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट’ बनवण्याच्या जाहिराती मोबाइलवर रोज येतात. माझ्या माहितीतील धुळ्याच्या एका मुलीच्या वडिलांनी कापसाच्या पैशातून अशाच एका संस्थेची फी भरली, आणि त्या प्रमाणपत्रावर तिला एकाही रुग्णालयाने मुलाखतीस बोलावले नाही. छोटा अभ्यासक्रम आधीच्या ज्ञानात भर घालण्यासाठी जरूर करावा. पदवीची जागा मात्र तो घेऊ शकत नाही, हे आईवडिलांनाही समजावून सांगणे आवश्यक आहे.

पदव्युत्तर शिक्षणानंतर नोंदणीची परीक्षा येते. १९६३ साली स्थापन झालेल्या इंडियन डाएटेटिक असोसिएशनचे नोंदणी मंडळ ती घेते आणि ती उत्तीर्ण झाल्यावर नावापुढे ‘आर.डी.’ (रजिस्टर्ड डाएटिशियन, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) ही अक्षरे लावता येतात. परीक्षेस बसण्यापूर्वी रुग्णालयातील इंटर्नशिप पूर्ण झालेली असावी लागते; त्या वर्षीची पात्रता आणि इंटर्नशिपची मुदत अर्जाआधी मंडळाच्या सूचनापत्रात शब्दन् शब्द वाचावी. अभ्यासासाठी पाठ्यपुस्तकांबरोबर तीन गोष्टी टेबलावर कायम असाव्यात: राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची भारतीय अन्नघटक सारणी, भारतीयांच्या दैनंदिन पोषक गरजांविषयीच्या २०२० च्या शिफारशी आणि २०२४ ची सतरा आहारविषयक मार्गदर्शक सूत्रे. नोंदणी एकदा मिळाली की जन्मभराची झाली असे नसते. ठरावीक मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते, म्हणून परिषदा आणि कार्यशाळांच्या हजेरीची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. याशिवाय २०२१ च्या राष्ट्रीय सहबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने पोषणशास्त्रातील व्यावसायिकांना आपल्या कक्षेत घेतले आहे आणि राज्य परिषदांमार्फत नोंदणीची तरतूद केली आहे. त्यामुळे निवडलेला अभ्यासक्रम या आयोगाच्या अभ्यासक्रमाशी जुळतो का, हे महाविद्यालयाला लेखी विचारण्यात संकोच करू नये.

इंटर्नशिपबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण या व्यवसायातला माणूस खऱ्या अर्थाने तिथे तयार होतो. केवळ सहीसाठी महिने काढणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि पहिल्या नोकरीत त्यांची होणारी तारांबळही पाहिली आहे. अतिदक्षता विभाग, डायलिसिस, शस्त्रक्रियेनंतरचे वॉर्ड आणि बालरोग विभाग असलेले मोठे रुग्णालय निवडावे. सकाळच्या राउंडला डॉक्टरांच्या मागे उभे राहून केस पेपरवरील क्रिएटिनिन, पोटॅशियम, अल्ब्युमिन आणि साखर यांचे आकडे रोज वहीत उतरवावेत, आणि ज्या रुग्णाला नळीने आहार चालू आहे त्याला दर वेळी किती मिली, किती किलोकॅलरी आणि किती प्रथिने गेली, याचा हिशोब स्वतः मांडून मग वरिष्ठांच्या हिशोबाशी ताडून पाहावा.

मूत्रपिंडाच्या रुग्णांचा आहार तर खान्देशातल्या विद्यार्थ्याने विशेष मन लावून शिकावा. रावेर-यावल पट्ट्यात केळी हे उत्पन्न आहे आणि घरातला रोजचा खाऊही आहे. १०० ग्रॅम केळ्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात ते साठत गेले तर हृदयाची लय बिघडते. ज्याच्या दारात बाग उभी आहे त्याला ‘केळी बंद’ एवढेच लिहून दिले, तर तो चार दिवस ऐकतो आणि पाचव्या दिवशी एक घड उतरवतो. त्याला कारण सांगावे लागते. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि पोटॅशियम उतरलेले ते पाणी फेकून द्यायचे, हे त्याच्या घरातल्या बाईला करून दाखवावे लागते. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी प्रथिने मर्यादित ठेवतात आणि सुरू झाल्यावर ती वाढवतात, कारण प्रत्येक डायलिसिसच्या वेळी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, रक्तातून निघून जातात. हा बदल वेळेवर न सांगितल्यामुळे जुन्याच चार्टवर खंगत गेलेले रुग्ण पाहिले की मन विषण्ण होते.

शक्य असल्यास काही दिवस पोषण पुनर्वसन केंद्रातही काढावेत. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आलेले अतितीव्र कुपोषित बालक, ज्याचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरतो, त्याला पोटभर खाऊ घालावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण पहिल्या दिवसांत तेच धोक्याचे असते. उपासमारीने मंदावलेले शरीर एकदम आलेला भार पेलू शकत नाही. म्हणून आधी १०० मिलीला ७५ किलोकॅलरी देणारे ‘एफ-७५’ हे उपचाराचे दूध थोडेथोडे, रात्रीही न चुकता दिले जाते, आणि भूक परतली की ‘एफ-१००’ हे जास्त ऊर्जेचे दूध सुरू होते. रात्री तीन वाजता पेंगुळलेल्या आईला उठवून वाटी-चमच्याने ते पाजण्याचा धीर ज्याने शिकला, त्याला पुढे कोणतेही काम जड जात नाही. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्णही भेटतात. त्यांच्या आहारात फॉलेट हे जीवनसत्त्व आणि भरपूर पाणी का महत्त्वाचे, हे तिथल्या डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

याच काळात स्वतःची एक वही तयार करावी, आणि माझ्या मते ती सर्वांत मोलाची. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर किती उडीद दळतात, हे पाच घरी विचारले तर पाच प्रमाणे मिळतील. प्रत्येक प्रमाणाचा हिशोब मांडावा. ज्वारीत कमी पडणारे लायसिन हे अमिनो आम्ल उडीद भरून काढतो, त्यामुळे ही भाकरी मुळातच शहाणी आहे आणि ती सोडून ओट्स लिहून देण्याचे कारण नाही. शेवभाजीची तर्री, भरितावर ओतलेले तेल, बट्टीवरचे तूप हे सारे पळीने मोजावे. पाच ग्रॅमचा एक चमचा तेल म्हणजे ४५ किलोकॅलरी. रुग्णाला ‘तेल जास्त खाता का’ असे विचारले तर उत्तर नेहमी ‘नाही’ असेच येते. ‘भाजीमा तेल कितलं?’ असे अहिराणीत विचारून घरात माणसे किती आणि तेलाचा डबा किती दिवसांत संपतो हे विचारले, की खरा आकडा पाच मिनिटांत हाती येतो.

नोकरीच्या वाटा अनेक आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील पदे बहुधा कंत्राटी असतात, म्हणून जिल्हा परिषदेच्या जाहिराती नियमित पाहाव्यात. बालविकास प्रकल्प अधिकारी व्हायचे असल्यास लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी वेगळी करावी लागते. खासगी रुग्णालये, क्रीडा प्रशिक्षण आणि अन्नप्रक्रिया उद्योग हेही पर्याय आहेतच.

स्वतःचे क्लिनिक काढायचे असेल, तर आधी किमान दोन वर्षे रुग्णालयात काम करावे आणि सुरुवातीला एखाद्या मधुमेहतज्ज्ञाच्या दवाखान्यात आठवड्याचे दोन दिवस बसावे. भाडे वाचते आणि रुग्णांचे तपासणी अहवालही हाताशी राहतात. औषधे बदलण्याचा सल्ला कधीही देऊ नये, आणि पावडरी विकून कमिशन मिळवण्याच्या प्रस्तावांना पहिल्याच दिवशी नकार द्यावा. टेबलावर वजनकाटा, तीन आकारांच्या वाट्या, एक पळी आणि वेगवेगळ्या मापांचे पुठ्ठ्याचे भाकरीएवढे गोल ठेवावेत. रुग्णाने आपल्या घरच्या भाकरीएवढा गोल स्वतः उचलून दाखवावा, आणि मगच कागदावर भाकरींचा आकडा लिहावा.