काचेवर फिल्म लावण्याच्या धंद्यात उतरताना

या कामात नव्याने येणारी मुलं पहिल्या दिवशी हीट गन, म्हणजे गरम हवा सोडणारं यंत्र, मागतात. मी त्यांच्या हातात खरवडायचं पातं आणि पाण्याची बाटली देतो. फिल्म चिकटवायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ काच धुण्यात जातो, आणि तो जाऊ द्यावा. गाडीच्या दाराच्या काचेची खालची कड रबराच्या आत असते. तिथली माती स्क्विजीने (रबरी पट्टीने) ओढलेल्या पाण्याबरोबर वर येते आणि फिल्मखाली कायमची बसते. म्हणून आधी रबराची खाच साफ करायची, काच थोडी खाली घेऊन वरची कड पुसायची, मग सगळी काच पात्याने खरवडायची आणि पुन्हा धुवायची. मागच्या काचेवर आतून वाफ घालवणाऱ्या तारा असतात. तिथे पातं लावायचंच नाही, मऊ पॅडने घासायचं. तार तुटली की भरपाई तुमच्या खिशातून जाते.

पाणी गाळलेलं घ्या आणि त्यात बेबी शॅम्पूचे थोडेसेच थेंब टाका. फेस जास्त झाला तर फिल्म नुसती घसरत राहते, कमी पडला तर टेकवली तिथेच धरते. गाडीत शिरण्याआधी डॅशबोर्डवर आणि मागच्या काचेखाली जाड टॉवेल पसरा. हल्लीच्या गाड्यांत बटणांमागे, सीटखाली इलेक्ट्रॉनिक्स भरलेलं असतं आणि बाटलीतलं पाणी तिथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

खरी कसोटी मागच्या काचेवर लागते. ती दोन्ही बाजूंनी वळलेली असते आणि फिल्म सपाट. म्हणून फिल्म आधी काचेच्या बाहेरून पसरायची, लायनर (गोंदावरचा सोलून काढायचा थर) वरच्या बाजूला ठेवून. जादा भाग बोटांसारखा उभा राहतो. त्याला हीट गनची ऊब देत कडक कार्डाने दाबून बसवायचा. फिल्म पॉलिएस्टरची असते, आणि ते रोलच्या लांबीच्या दिशेत चांगलं आकसतं, आडव्या दिशेत जवळपास नाहीच. त्यामुळे तुकडा कापण्यापूर्वी रोलची दिशा बघून घ्या, नाहीतर कितीही तापवलं तरी सुरकुती जात नाही. गन हलती ठेवा. एका जागी थांबलात तर फिल्म जळते, आणि दिवस वाईट असेल तर काच तडकते. हे वाचून येत नाही. भंगारातली एखादी वळलेली काच स्टँडवर लावा आणि स्वस्तातल्या रोलवर हात बसवा.

हात बसेपर्यंत डोकं रिकामं ठेवू नका, काचेचा हिशेब शिका. फिल्मवर ५० टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे इतका प्रकाश ती सोडते, ते फक्त फिल्मचं. काच स्वतःच ७० टक्के प्रकाश सोडत असेल तर दोन्ही मिळून ३५ टक्केच आत येतो, कारण इथे गुणाकार होतो. प्रकाश मोजायच्या मीटरने आधी नुसती काच मोजायची, मगच गिऱ्हाइकाला आकडा सांगायचा. नियम प्रत्येक ठिकाणचे वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये पुढच्या दारांच्या काचांतून किमान ७० टक्के प्रकाश आत यावा लागतो, अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये २५ टक्के चालतो. तुम्ही जिथे काम करता तिथला नियम छापून भिंतीवर लावा. "थोडं जास्त काळं करा, बघून घेऊ" म्हणणारं गिऱ्हाईक दंड भरायच्या वेळी तुमचं नाव घेतं.

काळी फिल्म म्हणजे थंड गाडी, हा गैरसमज अजून जात नाही. सूर्याच्या उष्णतेतला जवळपास निम्मा भाग अवरक्त किरणांचा असतो, आणि तो डोळ्याला दिसत नाही. नुसता रंग दिलेली फिल्म डोळ्याला सुख देते, पण अवरक्त किरण फारसे अडवत नाही आणि काही वर्षांत जांभळी पडते. धातूचा थर असलेली फिल्म उष्णता परतवते, मात्र जीपीएस, मोबाइल आणि टोलच्या टॅगला त्रास देऊ शकते. सिरॅमिकचे बारीक कण असलेली सिरॅमिक फिल्म महाग पडते, पण फिकट राहूनही उष्णता अडवते आणि सिग्नलच्या वाटेत येत नाही. काही दुकानदार उष्णता देणाऱ्या लाल दिव्यासमोर फिल्म धरून हात ठेवायला सांगतात. हा खेळ मला पटत नाही. दिव्याची उष्णता आणि उन्हाची उष्णता यांतल्या लहरींचं प्रमाण एक नसतं. एकूण सौर ऊर्जेपैकी किती टक्के नाकारली हा आकडा, म्हणजे टीएसईआर, माहितीपत्रकात शोधा आणि दोन फिल्मची तुलना त्यावरच करा.

इमारतींचं काम मोठं वाटतं, पैसाही चांगला देतं, पण तिथे चूक फार महागात पडते. गडद फिल्म ऊन शोषते, काचेचा मधला भाग तापून फुगतो, चौकटीत दबलेली कड मात्र थंड राहते. त्या ताणाने साधी काच कडेपासून चिरते. काचेवर अर्धी सावली असेल, कड आधीच टवका उडालेली असेल किंवा काचेत तारेची जाळी असेल तर धोका आणखी वाढतो. टफन्ड काच, म्हणजे तापवून कणखर केलेली, हा ताण सहसा सोसते. तिच्या कोपऱ्यातला शिक्का बघा. दुहेरी काच असेल तर तिच्यासमोर लायटर पेटवून प्रतिबिंबं मोजा. ज्योती चार दिसतात. त्यांतली एक वेगळ्या रंगाची असेल तर त्या पृष्ठावर लो-ई लेप, म्हणजे उष्णता परतवणारा पातळ थर, आहे असं समजा. मग फिल्म बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात कोणत्या काचेला कोणती फिल्म चालते ते तपासा. तक्ता नको म्हणत असेल तर काम सोडा किंवा बाहेरून लावायची फिल्म सुचवा. कडेला एक-दोन मिलिमीटर जागा सोडून कापणं इथे गरजेचं आहे.

काम झाल्यावर फिल्मखाली पाण्याचे डाग आणि धूसरपणा दिसतो. काही दिवसांत तो जातो, थंडीत जास्त वेळ लागतो, जाड सेफ्टी फिल्मला तर आठवडे लागतात. गाडी सोपवतानाच हे सांगा आणि निदान तीन दिवस काच खाली करू नका म्हणून बजावा. न सांगितल्यास दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन येतो.

पुढे या धंद्याचं काय, हे सगळे विचारतात. बरेच कारखाने मागच्या काचा रंगीतच देतात. म्हणून काम संपेल असं वाटतं. पण ती काच बहुतेकदा डोळ्यांपुरतीच गडद असते, उष्णता बरीच आत येते, आणि तिच्यावर फिकट सिरॅमिक लावून घेणारे गिऱ्हाईक वाढत आहेत. इलेक्ट्रिक गाड्यांना मोठी काचेची छतं असतात आणि तिथे एसीचा भार बॅटरीवर पडतो. दुसरीकडे, पुढच्या काचेमागे कॅमेरा असतो. त्याच्यासमोरची जागा मोकळी सोडणं शिकावंच लागतं. विजेवर रंग बदलणारी काच २०११ पासून बोइंग ७८७ विमानात प्रवासी वापरतात, तरी उभ्या असलेल्या लाखो इमारतींच्या काचा कोणी काढून टाकणार नाही. त्यांच्यावर फिल्मच बसणार. पक्षी काचेवर आपटू नयेत, त्यांना ती दिसावी म्हणून ठिपक्यांची फिल्म हे नवं काम येतं आहे. न्यूयॉर्क शहरात २०२१ पासून नव्या बांधकामांना पक्ष्यांना धोका कमी करणारी काच वापरण्याचा नियम लागू झाला. असे नियम इतरत्र आले की जुन्या काचांसाठी फिल्मवाला लागतोच.

प्लॉटरबद्दल, म्हणजे संगणकावरच्या नमुन्याप्रमाणे फिल्म कापणाऱ्या यंत्राबद्दल, भीती बाळगू नका. तो तुकडा अचूक कापतो, गिऱ्हाइकाच्या काचेवर ब्लेड चालवायची वेळ येत नाही आणि फिल्म वाया जात नाही. धुणं, आकसवणं, बसवणं मात्र अजून हातानंच होतं. मी नवीन माणसाला साधारण हा क्रम सुचवतो: आधी दारांच्या काचा, मग मागची, मग इमारतीची सपाट काच, त्यानंतर पेंट प्रोटेक्शन फिल्म. ती टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची असते, ताणली जाते आणि रंगावर लावतात, त्यामुळे तिची सवय नव्याने करावी लागते. पण गाडी घेऊन येणारं गिऱ्हाईक तेच असतं. आणि प्रत्येक बिलावर फिल्मचं नाव, रोलचा क्रमांक आणि लावण्याआधी व नंतरचा मीटरचा आकडा लिहीत जा. वॉरंटीचा दावा आला की कंपनी हेच मागते.