उवा घालवायच्या तर १३ दिवस धरून चाला

जूनमध्ये शाळा उघडली की जुलैपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या डोक्यात निघतातच. घाणीमुळे होत नाहीत, पावसामुळेही नाही. व्हॅनमध्ये एका मोबाइलवर चार डोकी टेकली की होतात. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, नुसती चालते.

आधी खात्री करा. कानामागे आणि मानेवर केसांच्या मुळाशी बघा. कोंडा झटकला की पडतो, लीख केसाला चिकटून बसते.

औषध सोपं आहे. केमिस्टकडे १ टक्का परमेथ्रिनचं मागा. केस साध्या शाम्पूने धुवा, कंडिशनर नको. त्याचा केसांवर थर बसतो आणि औषध नीट लागत नाही. टॉवेलने टिपा, औषध लावा, १० मिनिटांनी धुवा. दोन वर्षांखालच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

रॉकेल लावा म्हणणारी एक मावशी प्रत्येक बिल्डिंगमध्ये असते. तिला चहा द्या, ऐकू मात्र नका. कातडी भाजते आणि गॅसजवळ पोर उभी राहिली तर पेट घेईल. सीताफळाच्या बियांची पूड त्याहून वाईट. घामाबरोबर किंवा धुताना डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते.

आता फणी. माझी फजिती इथेच झाली. थोरलीला औषध लावलं, दोन दिवस फणी फिरवली, काही निघेना म्हणून रविवारी जाहीर केलं, संपलं. आठव्या दिवशी पोरगी व्हॅनमधून उतरली ती डोकं खाजवतच. मी बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीला दोष देऊन मोकळी झाले. खरं कारण माझ्याच घरात होतं. औषधाने उवा मरतात, सगळ्या लिखा मरत नाहीत, आणि त्या साधारण ७ ते १० दिवसांत फुटतात. म्हणून फणी १, ५, ९ आणि १३ व्या दिवशी. चारही वेळा. मध्ये घरी गणपती असले तरी.

फणी स्टीलची, लांब आणि दाट दातांची. लोकलच्या लेडीज डब्यात क्लिपांबरोबर विकायला येते ती प्लास्टिकची घेऊ नका. दात वाकतात आणि लिखा मधून निसटतात. पहिल्या आणि नवव्या दिवशी औषध, ते धुतल्यावर ओल्या केसांतच फणी. पाचव्या आणि तेराव्या दिवशी नुसता कंडिशनर, अगदी थापून. आधी जाड कंगव्याने गुंता काढा, नाहीतर पोर पहिल्याच बटेला रडून उठते आणि मग हाती लागत नाही. बट करंगळीएवढी घ्या, बाकीचे केस क्लिपने वर. दात डोक्याच्या कातडीला टेकले पाहिजेत, तिथून टोकापर्यंत एका ओढीत. मी आधी वरवर फिरवायची, तिला दुखेल म्हणून; लिखा मुळाशीच राहायच्या. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या फडक्यावर पुसा. तिळाएवढं करडं काही हललं की ती ऊ. लांब केसांना तास लागतो, कार्टून लावून द्या. आमच्याकडे गॅलरीतच बसतो. पावसात अंधारून आलं की धाकटी टॉर्च धरते आणि मोठ्याने मोजते.

तेराव्या दिवशीही जिवंत ऊ निघाली तर तेच औषध तिसऱ्यांदा थापू नका, डॉक्टरांना दाखवा.

घरातल्या सगळ्यांची डोकी तपासा, बाबांचंही. औषध मात्र ज्याच्या डोक्यात निघाल्या त्यालाच. उशीचे अभ्रे गरम पाण्यात टाका. गादी, सोफा सोडा. डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसच जगते.

मैत्रिणीच्या आईला फोन करायचाच. ‘आमच्याकडे निघाल्यात, तुम्हीही बघून घ्या,’ एवढंच म्हणा. मी ‘तुमच्या मुलीमुळे’ने सुरुवात केली होती. त्या बाई अजून व्हॅनपाशी छत्री आडवी धरतात.