आजी-आजोबांची खरूज: मलम कानामागेही लावा

म्हाताऱ्या माणसांची खरूज फक्त मानेखाली मलम लावून बरेचदा जात नाही. डॉक्टरांनी ५ टक्के परमेथ्रिन (खरजेचे किडे मारणारं मलम) दिलं असेल, तर रात्री डोळे-तोंड सोडून टाळू, कानामागे, बेंबी, बोटांच्या बेचक्या, तळपाय, सगळीकडे लावा. नखं कापून त्यांच्याखालीही. ८ ते १४ तासांनी आंघोळ, ७ दिवसांनी पुन्हा. मध्ये हात धुतले तर हातांना परत लावायचं, हे हमखास राहून जातं! घरातल्या सगळ्यांनी त्याच रात्री लावावं, खाज नसली तरी. चादरी, कपडे गरम पाण्यात धुवून नागपुरी उन्हात खडखडीत वाळवा. नंतरही काही आठवडे खाज राहू शकते, म्हणून रोज मलम चोपडू नका. अंथरुणाला खिळलेल्यांच्या अंगावर जाड खपल्या दिसल्या, तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. यात खाज कमी असली तरी लागण झपाट्याने पसरते.