मे महिन्यातला निरोप, जुलैतला निकाल: आंतरराष्ट्रीय शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

आंतरराष्ट्रीय शाळेत नोकरी पत्करणाऱ्या शिक्षकाला अभ्यासक्रम, मूल्यमापनाचे निकष आणि अहवाल लिहिण्याच्या पद्धती यांविषयी भरपूर प्रशिक्षण मिळते. वर्षअखेरीच्या सहा-सात आठवड्यांविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवल्यानंतर मी पुण्याच्या पश्चिमेकडील एका आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळेत आले, तेव्हा निरोप समारंभ आणि निकाल यांचे नाते दोन्हीकडे सारखेच असेल असे मी गृहीत धरले होते. आपल्याकडे दहावी-बारावीचा निरोप परीक्षेच्या आधी होतो आणि निकालानंतर मुले गुणपत्रिका घ्यायला पुन्हा शाळेत येतात, पेढे देतात, कोणाचे काय झाले याची चौकशी होते, आणि जे सांगायचे राहून गेले ते त्या दिवशी सांगता येते. आंतरराष्ट्रीय शाळेत हा दुसरा दिवसच नसतो. या लेखातील जवळपास प्रत्येक सूचना त्या एका फरकातून निघालेली आहे.

आयबी डिप्लोमाच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या, मे सत्राच्या लेखी परीक्षा एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतात. त्यांच्या आसपास, बहुतेक ठिकाणी शेवटचा पेपर झाल्याबरोबर, ग्रॅज्युएशनचा समारंभ होतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शाळेला सुट्टी लागते. निकाल सामान्यतः ५ जुलैला शाळेच्या को-ऑर्डिनेटरकडे आणि ६ जुलैला विद्यार्थ्यांकडे पोहोचतो. सहा विषयांचे प्रत्येकी ७ असे ४२, आणि विस्तारित निबंध (विद्यार्थ्याने स्वतः केलेले संशोधनपर लेखन) व ज्ञानमीमांसा (ज्ञान कसे मिळते याचा विचार करणारा विषय) या दोहोंचे मिळून जास्तीत जास्त ३, असे एकूण ४५ गुण असतात. पण ते आकडे येतात तेव्हा चाकण-तळेगावच्या कारखान्यांसाठी आलेली जर्मन, कोरियन आणि जपानी कुटुंबे आपापल्या देशात असतात, परदेशी शिक्षक सुट्टीवर असतात आणि इमारतीत रंगकाम चालू असते. म्हणजे मे महिन्यात व्यासपीठावरून मुलाच्या कर्तृत्वाविषयी आपण जे बोलतो, ते त्याचे गुण माहीत नसताना बोलतो, आणि गुण कळल्यावर बोलण्यासाठी समोर कोणी नसते.

नव्या शिक्षकाला ही अडचण वाटते. मला ती या व्यवस्थेतील सर्वांत चांगली गोष्ट वाटते. आकडा हाताशी नसल्यामुळे मुलाला खरोखर ओळखणाऱ्यालाच त्याच्याविषयी बोलता येते. मात्र रिकामी जागा भरून काढण्याचा मोहही तेवढाच मोठा असतो. कोणी अंदाजित श्रेणींचा उल्लेख करू पाहते. या श्रेणी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी शिक्षकांनी आधीच दिलेल्या असतात आणि त्या जाहीर करणे कोणत्याही अर्थाने उचित नाही. कोणी प्रत्येक मुलाच्या नावापुढे विद्यापीठाचे नाव वाचण्याचा आग्रह धरते. तोही मला चुकीचा वाटतो, कारण मे महिन्यात ब्रिटनच्या विद्यापीठांचे प्रवेश अटींवर टांगलेले असतात, अमेरिकेला जाणारी काही मुले प्रतीक्षायादीवर असतात, एखादा कोरियन मुलगा लष्करी सेवा आधी उरकण्याच्या विचारात असतो आणि एखादीने वर्षभर थांबण्याचे ठरवलेले असते. यादी वाचली की या मुलांच्या नावापुढची शांतता सभागृहाला ऐकू येते. राज्य मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली तरी ती क्लासच्या होर्डिंगवर उरली. तीच वृत्ती गाऊन आणि चौकोनी टोपी घालून आपल्या शाळेत येणार नाही, एवढी काळजी शिक्षकाने घेतली तरी पुष्कळ झाले.

मग सांगायचे काय? बहुतेक शाळांत होमरूम शिक्षकाला, म्हणजे वर्गशिक्षकाला, प्रत्येक विद्यार्थ्यासाठी चार-पाच ओळींचे मानपत्र लिहावे लागते आणि ते समारंभात वाचले जाते. हे काम मेमध्ये बसून करता येत नाही. परीक्षांच्या गर्दीत लिहिलेली मानपत्रे सगळी एकाच साच्याची होतात: कष्टाळू, नम्र, सर्वांना मदत करणारी, नेतृत्वगुण असलेली. नावे झाकली तर कोणाचे मानपत्र कोणते हे आईलासुद्धा ओळखता येणार नाही. त्यामुळे ऑक्टोबरपासूनच एक वही ठेवावी आणि मूल्यमापनाच्या तक्त्यात न बसणारी गोष्ट दिसली की त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावी. माझ्या वर्गातील एका मुलीचा विस्तारित निबंध मुठेच्या पाण्यातील सूक्ष्मजीवांवर होता. चार हजार शब्दांच्या मर्यादेत बसवण्यासाठी तिने स्वतःला सर्वांत आवडलेले प्रकरण काढून टाकले, कारण त्यातील नमुने पुरेसे नव्हते. ‘संशोधनाची आवड’ असे लिहिण्यापेक्षा हे एक वाक्य अधिक सांगते, आणि ते ऐकताना तिचे वडील ज्या तऱ्हेने तिच्याकडे पाहत होते त्यावरून ही गोष्ट त्यांना घरी कळलेली नव्हती हे उघड होते.

सृजन, कृती आणि सेवा हा वर्गाबाहेरच्या उपक्रमांचा डिप्लोमातील आवश्यक भाग आहे, ज्याला सगळे ‘कॅस’ म्हणतात. त्याला गुण नसतात, पण तो पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. मुलांचे खरे कर्तृत्व पुष्कळदा इथेच घडते आणि इथेच सर्वांत जास्त फुगवून सांगितलेही जाते. मुळशीतील एखाद्या जिल्हा परिषद शाळेत आठवड्यातून एकदा जाणाऱ्या मुलाविषयी ‘ग्रामीण भागातील शिक्षणात परिवर्तन घडवले’ असे लिहिले तर ते खोटे असते, आणि त्या शाळेतील गुरुजी सभागृहात असतील तर अपमानकारकही असते. त्याने तिथल्या मुलांकडून विटीदांडू शिकून घेतला, पावसाळ्यात रस्ता खराब असतानाही जाणे चुकवले नाही आणि दुसऱ्या वर्षी आपल्या जागी येणाऱ्या मुलाला सोबत नेऊन ओळख करून दिली, असे लिहावे. माहितीसाठी विषयशिक्षकांवर अवलंबून राहू नये. प्रयोगशाळा सहायक, बसमधल्या मावशी, ग्रंथपाल आणि फुटबॉलच्या मैदानाची निगा राखणारे काका यांना मुलांविषयी जे माहीत असते ते आपल्याला वर्गात कधीच दिसत नाही. मानपत्र वाचण्यापूर्वी ते विद्यार्थ्याला दाखवावे, हा माझा नियम आहे. काही शिक्षकांना त्यातील आश्चर्य हरवल्यासारखे वाटते, पण एखादी गोष्ट चारचौघांत सांगितलेली मुलाला नको असू शकते आणि तो अधिकार त्याचाच आहे.

खालच्या वर्गांचे मी थोडक्यात सांगते. पाचवीच्या मुलांचे आयबीच्या प्राथमिक कार्यक्रमातील प्रदर्शन आणि दहावीच्या मुलांचा वैयक्तिक प्रकल्प हे त्या त्या टप्प्याचे समारोप आहेत, आणि दोन्हींत पालकांनी पूर्ण केलेले तक्ते ओळखण्याची नजर लवकर येते. केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या पातळीवरच्या परीक्षेचे मे-जून सत्राचे निकाल ऑगस्टमध्ये लागतात, ते अकरावीच्या स्थानिक प्रवेशांना उशिराचे ठरतात. त्यामुळे भारतातील अनेक शाळा मार्च सत्र घेतात, ज्याचे निकाल मेमध्ये येतात. दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयात जाऊ इच्छिणारे मूल आपल्या वर्गात असेल तर हा प्रश्न नववीतच विचारला गेला पाहिजे.

आता ज्या मुलांसाठी कोणताही समारंभ नसतो त्यांच्याविषयी. जपानचे आर्थिक आणि शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे जपानी वडिलांची बदली झाली की सातवीतले मूल मार्चच्या अखेरीस निघून जाते. कोरियाचे शालेय वर्ष मार्चपासून असल्याने तिकडची काही मुले फेब्रुवारीतच जातात. शुक्रवारी बाक भरलेला असतो आणि सोमवारी रिकामा. अशा मुलांना तिसऱ्या संस्कृतीची मुले म्हणतात. हा शब्दप्रयोग अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ हिल उसीम यांनी रूढ केला आणि त्यामागचे त्यांचे निरीक्षण १९५० च्या दशकात भारतातच राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांच्या अभ्यासातून आलेले होते. त्याच क्षेत्रात काम करणारे डेव्हिड पोलॉक यांनी निघणाऱ्या माणसाने करायच्या चार गोष्टी सांगितल्या: भांडणे मिटवणे, ज्यांचे ऋण आहे त्यांना ते बोलून दाखवणे, माणसांचा आणि जागांचाही निरोप घेणे, आणि जिथे जायचे आहे तिथला नीट विचार करणे. आंतरराष्ट्रीय शाळांतील समुपदेशक या चौकटीला चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून राफ्ट म्हणतात आणि ती जवळपास पाठ असते.

या चारांपैकी पहिली गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. बदलीची बातमी कळली की मूल मित्रांशी विनाकारण भांडू लागते, कारण रागावून निघणे सोपे जाते. बारा वर्षांच्या मुलाला हे सांगता येत नाही आणि शिक्षकाला तो शिस्तीचा प्रश्न वाटतो. बातमी कळल्यापासून मूल निघेपर्यंत शक्य असल्यास तीन आठवडे तरी मिळावेत, असे पालकांना सांगावे. शेवटच्या आठवड्यात त्याला ज्यांना भेटायचे आहे त्यांची यादी त्यानेच करावी. माझ्या एका विद्यार्थ्याच्या यादीत पहिले नाव बसचालक दादांचे होते आणि दुसरे शाळेच्या फाटकाजवळच्या कुत्र्याचे. इयरबुकचा मजकूर मार्चच्या सुमारास छपाईसाठी जातो, आणि फेब्रुवारीत गेलेल्या मुलांची छायाचित्रे त्यातून बिनदिक्कत गळतात. ती गळू नयेत यासाठी संपादन करणाऱ्या विद्यार्थ्यांना जानेवारीतच आठवण करावी आणि एक प्रत टपालाने पाठवण्याची व्यवस्था कार्यालयाकडून लिहून घ्यावी.

मागे राहणाऱ्यांचा विचार तर आणखी कमी होतो. पुण्यातच राहणारी भारतीय मुले दरवर्षी दोन-तीन जिवलग मित्र गमावतात आणि आठवी-नववीपर्यंत त्यांतील काही जण नव्या मुलाशी मैत्री करणेच टाळू लागतात, कारण तोही जाणारच असतो. निरोपाच्या सभेत जाणाऱ्यांना बोलायला देतात तसे राहणाऱ्यांपैकी एकालाही द्यावे, असा आग्रह मी दरवर्षी धरते. शिक्षकांच्या बाबतीतही हीच असमानता दिसते: दोन वर्षांच्या करारावर आलेल्या परदेशी सहकाऱ्याला चित्रफीत आणि भाषणांसह निरोप मिळतो, आणि पंधरा वर्षे शाळेत असलेल्या स्थानिक शिक्षिका त्या चित्रफितीसाठी छायाचित्रे गोळा करत बसतात. मी ज्या शाळांत काम केले तिथे हे कोणी वाईट हेतूने करत नव्हते, पण होत होते.

कागदपत्रांकडे भावनेच्या भरात दुर्लक्ष होते, म्हणून त्यांचा उल्लेख करते. जपान किंवा कोरियात प्रवेश घेताना शाळेच्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे आंतरराष्ट्रीय करारानुसारचे प्रमाणीकरण, मागितले जाऊ शकते. भारत २००५ पासून या करारात आहे, पण प्रक्रियेला वेळ लागतो आणि कुटुंबाचे सामान एकदा जहाजावर चढले की मूळ कागद शोधणे अशक्य होते. विद्यार्थ्याचे शाळेचे ईमेल खाते काही काळाने बंद होते, आणि दोन वर्षांचे लेखन, प्रयोगांच्या नोंदी, कॅसची छायाचित्रे सगळे त्या खात्याबरोबर नाहीसे होते. ते उतरवून घेण्याची सूचना क्लिअरन्स फॉर्मवरच छापून घ्यावी. भारतात पदवीला जाणाऱ्यांसाठी आयबी डिप्लोमाला भारतीय विद्यापीठ संघाची बारावीशी समकक्षता आहे, पण इथल्या अनेक प्रवेशप्रक्रिया जुलैपूर्वीच पुढे गेलेल्या असतात, त्यामुळे अंदाजित श्रेणींवर तात्पुरता प्रवेश देणारी महाविद्यालये कोणती, हे मुलांना आदल्या दिवाळीपर्यंत माहीत असावे.

६ जुलैला सुट्टी असली तरी फोन चालू ठेवावा. ज्यांना ४० च्या पुढे गुण मिळतात त्यांचे संदेश आपोआप येतात. ज्यांचे येत नाहीत त्यांना आपण फोन करायचा असतो. साधारणतः डिप्लोमासाठी किमान २४ गुण लागतात, पण त्याशिवाय उच्चस्तरीय विषयांत मिळून १२ आणि सामान्यस्तरीय विषयांत मिळून ९ अशाही अटी आहेत, त्यामुळे २६ गुण असूनही डिप्लोमा हुकलेला विद्यार्थी असू शकतो आणि त्याला त्या क्षणी कारण समजत नसते. एखादीला कोरियन आणि इंग्रजी अशा दोन्ही साहित्यविषयांमुळे द्विभाषिक डिप्लोमा मिळालेला असतो आणि एकूण गुणांच्या निराशेत तिचे तिकडे लक्षच गेलेले नसते. ते तिला सांगावे. पुनर्तपासणीसाठी अर्ज शाळेमार्फतच होतो, त्याची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत असते, आणि गुण वाढतात तसे कमीही होऊ शकतात, म्हणून विद्यार्थ्याची संमती आवश्यक असते. विद्यापीठाची अट एका गुणाने हुकली असेल तर पुनर्तपासणीची वाट न पाहता आधी विद्यापीठाशी बोलावे, कारण ते पुष्कळदा तेवढ्यावर प्रवेश कायम ठेवतात. नोव्हेंबरमध्ये पुन्हा परीक्षा द्यायची असल्यास नोंदणी जुलैच्या अखेरीसच करावी लागते, आणि तो निर्णय घेताना पालक, विद्यार्थी, विषयशिक्षक व को-ऑर्डिनेटर बहुधा चार वेगवेगळ्या देशांत असतात. तेव्हा या चौघांच्या सुट्टीतील वेळा आणि क्रमांक मे महिन्यातच एका कागदावर लिहून ठेवावेत.